मिठाची पुडी

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात जेवायला वेगळी खोली नव्हती. मालकाचं म्हणणं असं, की बायकांना जेवायला खोली दिली तर त्या जेवतच बसतील. तो स्वतः काचेच्या केबिनमध्ये चहात बिस्किटं बुडवून खायचा आणि त्यालाच जेवण म्हणायचा, त्यामुळे या विषयात त्याचं मत कोणी विचारत नसे. बायका जेवायच्या त्या कटिंगच्या लांबलचक टेबलावर, आणि ते टेबल होतं कात्रीबाईंचं.

कात्रीबाई हे नाव पाठीमागचं. तोंडावर सगळ्या त्यांना ताई म्हणायच्या. त्या कापड कापतात म्हणून कात्रीबाई, असं नव्या बाईला सांगितलं जाई. खरं कारण तिला पहिल्याच जेवणाच्या सुट्टीत कळे.

कापणारीचा मान कारखान्यात मोठा. शिवणारीचा टाका चुकला तर उसवता येतो, इस्त्रीची घडी चुकली तर मोडून पुन्हा घालता येते; पण कापडाचे थर एकावर एक रचून त्यातून मशीन फिरवलं की तिथे माघार नाही. एक रेघ चुकली की अख्ख्या शाळेच्या बाह्या आखूड. बाईंची रेघ कधी चुकली नव्हती. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर चारचौघींनी त्यांचं नाव कौतुकाने घेतलं असतं. पण आपण कापडात चुकत नाही म्हणजे कशातच चुकत नाही असा त्यांचा समज होता, आणि असा समज झालेल्या माणसासमोर डबा उघडून बसणं म्हणजे शिक्षाच असते.

सुट्टीची घंटा झाली की बाई खडू खाली ठेवायच्या, कापडाच्या थरांवर जाड चादर ओढायच्या आणि टेबलाच्या एका टोकाला फर्मे कापायचा तपकिरी कागद अंथरायच्या. तेलाचा थेंब कापडाला लागला तर याद राखा, ही पहिली अट. दुसरी अट कोणी घातली नव्हती, ती आपोआप रूढ झाली होती. प्रत्येकीने आपला डबा उघडायचा आणि पहिला चमचा स्वतः न खाता बाईंच्या झाकणात वाढायचा. बाई चाखायच्या, डोळे मिटायच्या, जीभ टाळ्याला लावायच्या, आणि निकाल द्यायच्या. मग इतरांनी जेवायचं. एकेकदा निकाल असा यायचा की जेवायची इच्छाच उरत नसे, पण तो बाईंचा दोष नाही, असं बाईंचं मत होतं.

जेवायला चौघी. बाई, काजवाली, ओव्हरलॉकवाली आणि इस्त्रीवाली.

काजवाली दिवसभर मशीनवर काजं पाडायची आणि सुट्टीत नवऱ्याच्या आवडीनिवडी सांगायची. माणसाने नवऱ्याबद्दल बोलावं, पण इतकं? "ह्यांना बाई आंबट लागतं. आंबट नसलं की हे ताटावरून उठतात."

"उठू दे की," बाई म्हणायच्या. "बसून तरी काय दिवे लावतात?"

काजवाली खी खी हसायची. नवऱ्याचा अपमान तिला अंगाला लावून घ्यावा असा वाटत नसे, मात्र भाजीचा अपमान झाला की तिचे डोळे भरायचे.

कापडाच्या कडा दोऱ्याने बांधून घेणाऱ्या ओव्हरलॉकवालीची तऱ्हा वेगळी. तिने घरच्यांना निरोगी करायचा विडा उचलला होता. फोनवर कोणीतरी गोरीगोमटी बाई स्वच्छ ओट्यापुढे उभी राहून तेलाशिवाय, साखरेशिवाय आणि बहुतेक भुकेशिवाय स्वयंपाक करून दाखवायची, आणि ही तो उतरवून घ्यायची. "आज भोपळा नुसत्या वाफेवर केलाय, ताई. एक थेंब तेल नाही."

बाईंनी चमचाभर भोपळा उजेडात धरून पाहिला. "आजारी आहे का गं हा?"

तरी ती दुसऱ्या दिवशी आणखी काहीतरी वाफवून आणायचीच. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. इथे शहाणं कोणीच नव्हतं.

इस्त्रीवाली सगळ्यांत नवी. बारीक, कमी बोलणारी, हातावर इस्त्रीच्या चटक्यांचे दोन-तीन डाग. तिचा डबा पहिल्या दिवसापासून बाईंच्या निकालात नापास. कोबी असो, डाळ असो, बटाटे असोत, सगळं अळणी. बाई म्हणायच्या, मीठ कमी. दुसऱ्या दिवशी म्हणायच्या, मीठ कमी. शेवटी एक दिवस बाईंनी घरून कागदात मिठाची पुडी बांधून आणली आणि सगळ्यांसमोर तिच्या डब्याशेजारी ठेवली. "घे. तुमच्याकडे महाग झालं असेल."

काजवाली हसली. ओव्हरलॉकवाली हसली, कारण त्या दिवशी भोपळा सुटला होता.

"सासऱ्यांना मीठ वर्ज्य आहे," इस्त्रीवाली खालच्या आवाजात म्हणाली. "दोनदा स्वयंपाक करायला सकाळी वेळ होत नाही."

"मग डबा सासऱ्यांना दे. आम्ही काय पाप केलंय?"

इस्त्रीवालीने पुडी उचलली. ती घरी नेली नाही, फेकलीही नाही. इस्त्रीच्या टेबलाच्या वर भिंतीत एक फळी होती, त्या फळीवर ठेवून दिली. बाईंना जाता-येता ती दिसायची, आणि दिसली की बरं वाटायचं. आपण एकीला सुधारायचा प्रयत्न केला, एवढंच त्यांना त्यातून आठवायचं.

आता एवढी जीभ चालवणाऱ्या बाईंचा स्वतःचा डबा कसा होता? होता बरा. बरा म्हणजे बरा. त्यावर कोणी जीव ओवाळून टाकावा असं काही नव्हतं. तो सगळ्यांत शेवटी उघडायचा आणि प्रत्येकीला चमचा-चमचा मिळायचा. प्रत्येकी म्हणायची, छान. काजवाली तर तोंडात घालायच्या आधीच म्हणायची.

स्वयंपाक बाई स्वतः करायच्या. घरात मुलगा होता, सून होती, पण चूल सुनेच्या हाती द्यायची बाईंची तयारी नव्हती. सून दुपारी एका दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसायला जायची, सकाळी घरीच असायची. तरी तिच्याकडे भाज्या चिरणं आणि डबे भरणं एवढीच कामं. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने चार दिवस स्वयंपाक केला होता. बाई पाचव्या दिवशी म्हणाल्या, "हिच्या हातचं जेवलं की पोट भरतं, पण जेवल्यासारखं वाटत नाही." मुलगा ताटात बघत राहिला. त्याला लहानपणापासून ताटात बघत राहायची सवय होती आणि लग्नानंतर ती जास्तच उपयोगी पडली.

स्वयंपाक करताना बाई कधी चाखायच्या नाहीत. चाखून बघते ती शिकाऊ, असं त्या म्हणायच्या. झाकण उचलायचं, वाफ नाकात घ्यायची, आणि मीठ पडलंय की नाही, पुरेसं आहे की नाही, ते तिथेच कळायचं. खरंच कळायचं. कात्रीबाई नाकाने कांदे सोलतात असं काजवाली मागे म्हणायची, पण ते नाक तेवढं खरं होतं, हे कबूल करायला हवं.

मग त्या वर्षी थंडीत बाईंना ताप आला. सर्दी, खोकला, अंगदुखी, सगळं साग्रसंगीत. आठवडाभर झोपून उठल्या, चहाचा कप तोंडाला लावला, आणि तो चहा नव्हता. गरम होता, ओला होता, बाकी काही नव्हता. सून साखर घालायला विसरली म्हणून त्या ओरडणार होत्या. पण कपाच्या तळाशी न विरघळलेली साखर दिसत होती.

डॉक्टर म्हणाले, वास गेला की चवही जाते, येईल हळूहळू. कधी, असं विचारल्यावर म्हणाले, काहींना येते, काहींना येत नाही. बाईंनी घरी येऊन हे कोणालाही सांगितलं नाही.

मग त्या कामावर निघाल्या. जीभ गेली याचं दुःख नंतरचं. आधी भीती ही, की ते कळलं तर? कळलं तर झाकणात चमचे येणार नाहीत. कोणी डोळे लावून बसणार नाही. टेबलाच्या टोकाला बसून डबा खाणारी एक म्हातारी, एवढंच उरेल. काजवाली मायेने म्हणेल, "असू दे हं ताई." त्या 'असू दे'च्या नुसत्या विचाराने बाईंना घाम फुटला. आयुष्यभर त्यांनी कोणाचं काही असू दिलं नव्हतं.

सुट्टी झाली. झाकणात तीन चमचे आले. बाईंनी चाखले. तीनही ठिकाणी तोंडात नुसतं मऊ काहीतरी. त्यांनी डोळे मिटले, जीभ टाळ्याला लावली आणि म्हणाल्या, "मीठ कमी."

तिघींनी माना डोलावल्या. काजवालीने स्वतःची भाजी खाऊन पाहिली आणि म्हणाली, "हो गं बाई, आज घाईत राहिलंच जरा."

संपलं. एवढं सोपं होतं ते.

पुढचे काही महिने बाईंनी मेलेल्या जिभेने राज्य केलं, आणि गंमत अशी की जिवंत जिभेपेक्षा बरं केलं. आता त्या चमच्याकडे बघायच्याच नाहीत, बाईकडे बघायच्या. काजवालीचे डोळे सुजलेले असले की म्हणायच्या, "आज तुझं स्वयंपाकात लक्ष नव्हतं." काजवाली चाट पडायची, रात्री नवऱ्याशी भांडण झालेलं ताईंना डाळीत कळलं! ओव्हरलॉकवाली डबा उघडताना कागदाखाली लपवू लागली की म्हणायच्या, "हे फोनवाल्या बाईचं दिसतंय." उरलं तर मीठ कमी होतंच. ज्या निकालांवर पूर्वी कधीमधी वाद व्हायचा, त्यांवर आता सगळ्या पटकन राजी व्हायच्या. लोकांना चवीचं काही पडलेलं नसतं हे बाईंना पहिल्यांदा दिसलं, आणि त्यांचा सगळ्यांबद्दलचा तिरस्कार दुप्पट वाढला. या असल्या माठ बायकांसाठी आपण एवढी वर्षं खरी जीभ झिजवली!

त्यातून आणखी एक नवल घडलं. बाईंच्या स्वतःच्या डब्याची वाहवा होऊ लागली. पूर्वीचं 'छान' नव्हे, खरं. काजवाली दुसरा चमचा मागू लागली. ओव्हरलॉकवालीने तेलाला क्षमा केली. इस्त्रीवालीसुद्धा एकदा म्हणाली, "वांगं फार चांगलं झालंय, ताई," आणि ती उगाच बोलणाऱ्यांतली नव्हती. बाईंनी मनाशी हिशेब मांडला: जीभ गेली, नाक गेलं, पण हात राहिला. इतकंच नव्हे, नाकाची लुडबुड थांबल्यावर हात सुधारला. चाखून बघते ती शिकाऊ. आपण तर आता वाससुद्धा घेत नाही. या विचाराने त्या सकाळी ओट्यापुढे ताठ उभ्या राहू लागल्या.

घरात मात्र एक गोष्ट त्यांना खटकत होती. आठवड्याची भाजी चार दिवसांत संपत होती.

"बकऱ्या पाळल्यात का कुठे?" त्या सुनेला म्हणाल्या. "परवा आणलेली वांगी कुठे गेली?"

"किडकी निघाली," सून म्हणाली.

"रोजच कशी किडतात तुझ्या हातात?"

मुलगा ताटात बघत होता.

आणि एक दिवस सकाळी सून बाहेरच्या खोलीतून धावत आली. "आई, जळतंय!" बाई गॅसपुढेच उभ्या होत्या, हातात कालथा, पातेल्यातून काळा धूर. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "माहितीय मला. मुद्दाम लावलंय. करपलेलं बरं लागतं." सुनेने पुढे होऊन गॅस बंद केला आणि म्हणाली, "तुम्ही आंघोळीला जा, आई. डबा मी भरते." बाई गेल्या. हल्ली ती रोजच त्यांना आंघोळीला पिटाळायची. घर आपलंच आहे असं तिला वाटू लागलंय, हे बाईंच्या लक्षात आलं होतं. ते तिच्या डोक्यातून काढायला हवं, असंही त्यांनी ठरवलं होतं.

सुनेचे वडील घरात घसरून पडले आणि ती दोन दिवसांसाठी माहेरी गेली. बाईंनी त्या सकाळी फ्लॉवर केला. मीठ घातलं. मग मीठ घातलं की नाही ते आठवेना. पूर्वी झाकण उचललं की कळलं असतं. आता वाफ तोंडावर आली आणि ओठांवर ओलावा सोडून गेली. नसेल घातलं, म्हणून घातलं. डबा स्वतःच भरला. मुलाला डबा द्यायला गेल्या तर तो म्हणाला, "आज बाहेर जेवतो, आई. काम आहे." आणि बूट हातात घेऊनच जिना उतरला.

दुपारी झाकणात तीन चमचे आले, तीन निकाल गेले. मग बाईंनी आपला डबा उघडून सगळ्यांना वाढला आणि स्वतः खायला सुरुवात केली. त्या दिवशी त्यांना भूक होती. चार-पाच घास खाल्ल्यावर, आता कोणीतरी काहीतरी बोलेल म्हणून त्या थांबल्या. शेवटी त्यांनी स्वतःच, मोठ्या माणसाने नम्र व्हावं तसं नम्र होऊन म्हटलं, "आज मीठ जरा कमीच पडलं, नाही?"

काजवालीच्या डोळ्यांत पाणी होतं. ओव्हरलॉकवालीने पाण्याची बाटली तोंडाला लावली होती ती खाली येईना. दोघी एकमेकींकडे बघत होत्या आणि मग बाईंच्या निम्म्या रिकाम्या डब्याकडे. घास तोंडात तसाच धरून बसलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो, हे त्या महिन्यांत बाईंइतकं कोणाला कळत नव्हतं. चेहरे वाचण्यावरच तर त्या जगल्या होत्या.

"नाही, ताई," इस्त्रीवाली म्हणाली. "बरोबर आहे." आणि तिने हात लांब करून बाईंच्या डब्यातला आणखी एक चमचा फ्लॉवर घेतला, तोंडात घातला, चावला आणि गिळला. गिळताना तिच्या गळ्याची शीर ताठ झाली.

बाईंनी डबा बंद केला. कागद गोळा केला. चादर ओढून काढली आणि घंटा व्हायच्या आधीच मशीन सुरू केलं.

दुपारभर त्या कापत होत्या. रेघ चुकली नाही, पण डोकं जागेवर नव्हतं. आजचा डबा खारट होता, एवढं कळलं. मग कालचा? काल काजवालीने दुसरा चमचा मागितला होता, आणि ते मागणं खरं होतं. खरं मागणं आणि तोंडदेखलं मागणं यांतला फरक बाईंना कळत होता. काल, परवा, गेले काही महिने डबा चांगला होता. कालपर्यंत हात चांगला होता आणि आज एकदम बिघडला? कालपर्यंत आणि आज यांत बदललं काय? डबा भरणारं माणूस. तिथे त्यांना भाजी आठवली. चार दिवसांत संपणारी भाजी. किडकी वांगी. आंघोळीला जा, आई.

बाईंनी मशीन थांबवलं. या बायकांनी ज्याची वाहवा केली, ते सगळं सुनेच्या हातचं होतं. जेवल्यासारखं वाटत नाही ते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी डबा नेला नाही, सुट्टीतही त्या कापतच राहिल्या. संध्याकाळी सून परत आली, तेव्हा बाई स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या. वडील कसे आहेत, एवढंही त्यांनी विचारलं नाही.

"भाजी कधीपासून फेकतेस?"

सुनेने पिशवी खाली ठेवली. "फेकत नाही. आधी धुऊन बघते. बटाटा घालून बघते. अगदीच नाही जमलं तर परत करते."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही मला सांगितलंत?"

बाईंचा आवाज चढला. "माझी कीव करतेस? माझ्याच घरात माझ्यावर उपकार?"

"उपकार कसले, आई?" सून थकली होती, बसमधून उभी आली होती, आणि तिला गोड बोलायची इच्छा नव्हती. "तुमच्या डब्याला कोणी नाव ठेवलं असतं, तर तुम्ही महिनाभर घर डोक्यावर घेतलं असतं. त्यापेक्षा भाजी धुणं सोपं. आणि खरं सांगू? मला बरं वाटायचं. संध्याकाळी येऊन तुम्ही सांगायचात ना, आज काजवालीने दोनदा मागून घेतलं, ताईंच्या हाताला चव आहे म्हणाली. मी तिथेच उभी असायचे."

ती आत गेली आणि तोंड धुऊ लागली. बाई ओट्यापाशी गेल्या. बरणीतून चमचाभर मीठ घेऊन तोंडात टाकलं. वाळू चावल्यासारखं झालं, तेवढंच. त्यांनी चूळ भरली. त्यांना लाज वाटत होती आणि लाज वाटायची सवय नसल्यामुळे त्या वेळी काय करायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी भांडी घासली.

"वडील कसे आहेत?" बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

"पाय सुजलाय. बरे आहेत."

"उद्या स्वयंपाक तू कर," बाई भांड्यांकडे बघून म्हणाल्या. "मी चिरून देते."

पलीकडे जेवत बसलेल्या मुलाने त्या दिवशी पहिल्यांदा ताटातून मान वर केली.

दुसऱ्या दिवशी घंटा झाली. कागद अंथरला गेला. काजवालीने सवयीने चमचा पुढे केला, मग तिला फ्लॉवर आठवला आणि तो हवेतच थांबला. परवापासून तिघी आपापसांत कुजबुजत होत्या, हे काय बाईंना दिसत नव्हतं? बाईंनी आपलं झाकण उचलून मांडीवर घेतलं.

"आज मी चाखणार नाही. तुम्ही चाखा." त्यांनी आपला डबा कागदाच्या मधोमध ठेवला. डाळ आणि वांगं. "हे माझ्या सुनेनं केलंय. इतके महिने जे खाल्लंत, तेही तिनंच केलेलं होतं. परवाचं माझं."

काजवालीने खाल्लं आणि लगेच म्हणाली, "छान!" ती छान म्हणणारच होती, तिचं काही धरायचं कारण नाही. ओव्हरलॉकवालीने तेल पाहिलं, तरी खाल्लं आणि मान हलवली. इस्त्रीवालीने मात्र वेळ लावला. घास इकडून तिकडे फिरवला, डोळे मिटले, जीभ टाळ्याला लावली.

"मीठ कमी," ती म्हणाली.

काजवालीने चमचा खाली ठेवला.

"कमी?" बाई अर्ध्या उठल्या. "कमी म्हणजे? सकाळी माझ्यासमोर घातलंय तिनं! तीन माणसांचा स्वयंपाक एकटीनं केलाय, दोन दिवस बापाची सेवा करून आली ती, आणि तू कमी म्हणतेस? जीभ मेलीय का तुझी?"

बोलून झालं आणि त्यांना ते ऐकू आलं. त्या पुन्हा बसल्या. झाकण मांडीवर होतं, त्याच्या कडेवरून त्या बोट फिरवत राहिल्या.

"माझी मेलीय," त्या म्हणाल्या. "तापानंतर गेली ती आलीच नाही. मला काही कळत नाही."

"असू दे हं, ताई," काजवाली म्हणाली.

ज्या शब्दांना बाई इतके महिने भ्यायल्या होत्या, ते हे. आले आणि गेले. बाईंनी तिच्याकडे एक रागीट नजर टाकली, पण ती जुन्या जोमाची नव्हती.

इस्त्रीवाली उठली. इस्त्रीच्या टेबलापाशी जाऊन तिने फळीवरून कागदाची पुडी काढली आणि परत येऊन बसली. इस्त्रीच्या धगीने पुडीतलं मीठ कोरडंठाक राहिलं होतं. ती पुडी कुठली आहे हे चौघींनाही माहीत होतं.

"चिडायचं नाही, ताई," ती म्हणाली. "पण खरंच कमी आहे. चिमूटभरच."

बाईंनी पुडीकडे पाहिलं. आपल्याच हातच्या घड्या होत्या त्या कागदाला, चारी कोपरे बरोबर जुळलेल्या. त्यांनी डबा उचलून तिच्यापुढे सरकवला.

"घाल," त्या म्हणाल्या. "किती ते तू बघ."